संगणकावरच्या निकालाला विंड टनेलची साक्ष हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फिरत्या पात्यांनी हवा दाबणारे टर्बोफॅन आणि विमानाच्या वेगानेच हवा दाबून घेणारे रॅमजेट यांच्या जोड-इंजिनावर प्रकल्प करू इच्छिणारे विद्यार्थी दरवर्षी आमच्याकडे येतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र हे प्रकल्प संगणकावर सुरू होऊन तिथेच संपतात, याची खंत वाटते.

रॅमजेटमध्ये फिरता कॉम्प्रेसर नसल्याने ते उभ्या विमानात सुरू होत नाही. उलट, उणे 56 अंशांच्या विरळ हवेत विमान मॅक 3 ने, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेगाने, उडू लागले, की इंजिनाच्या तोंडाशी अडून थबकलेली हवा सुमारे 333 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि मॅक 5 ला हजार अंशांपलीकडे जाते. ती टर्बोफॅनच्या पात्यांना सोसवत नाही. म्हणून वाटेत कुठेतरी एकाने दुसऱ्याकडे काम सोपवावे लागते. दोन्ही इंजिने एकाच मुखातून हवा घेत असतील, तर हवा एकीकडून दुसरीकडे वळवणाऱ्या झडपा फिरत असताना मागचा दाब जरा वाढला तरी आघात-तरंग (ध्वनीहून वेगवान हवेत जिथे दाब एकदम वाढतो ती सीमा) मुखाबाहेर फेकला जातो आणि जोर एकाएकी ओसरतो. एसआर-71 या अमेरिकेच्या अतिवेगवान टेहळणी विमानाच्या वैमानिकांनी असे हिसके अनुभवले होते. त्याच्या मुखातला शंकू वेगाप्रमाणे सुमारे 66 सेंटिमीटर मागे सरकवावा लागे, तो हा तरंग जागेवर राखण्यासाठीच.

हा तरंग भिंतीलगतच्या मंद हवेच्या थराला भिडतो, तिथे संगणकावरचे सिम्युलेशन सर्वाधिक चुकते. हवेतल्या खळबळीचे (टर्ब्युलन्सचे) गणिती प्रारूप बदलले, की प्रवाह भिंतीपासून कुठे सुटतो याचे उत्तरही बदलते. खरे उत्तर मोजूनच कळते, आणि त्यासाठीच बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील 1.2 मीटर रुंद चाचणी-कक्षाचा, मॅक 4 पर्यंतचा विंड टनेल (नमुन्यावर हवेचा झोत सोडून मोजमाप करण्याचा बोगदा) 1967 पासून राबतो आहे.

खान्देशातल्या महाविद्यालयांनी तसा टनेल उभारावा, असे मी म्हणत नाही. पण मी पूर्वी जिथे शिकवीत होतो, तिथला साधा, कमी वेगाचा टनेल पंख्याचा पट्टा तुटल्यापासून बंद होता आणि त्याच्या काचेच्या खिडकीला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेकवलेले होते. पट्टा आम्ही बदलला. पंखाच्या नमुन्यावर लोकरीचे दोरे चिकटवून तो हळूहळू कलता केला, तेव्हा मागचे दोरे एकाएकी उलटे फडफडले, म्हणजे तिथे प्रवाह पंखापासून सुटला होता. संगणकाने मात्र त्या कोनालाही प्रवाह चिकटलेलाच दाखवला होता. त्या दुपारी मुलांनी संगणकातली, हवेचे लहान भाग पाडणारी जाळी बारीक करून गणित पुन्हा मांडले.

विद्यापीठाने अशा प्रकल्पांच्या मूल्यमापनात निदान एक प्रत्यक्ष मोजमाप सक्तीचे करावे आणि धुळे, जळगाव, नंदुरबारच्या महाविद्यालयांनी आपापले बंद टनेल एकमेकांच्या विद्यार्थ्यांसाठी खुले करावेत, ही विनंती.

आपला,
यंत्र अभियांत्रिकीचा एक अध्यापक, जळगाव