आमच्या वस्तीचं नाव आम्हाला ठरवू द्या

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम जय भीम.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्यांना मनापासून आनंद झाला. पत्त्यात महारवाडा, मांगवाडा लिहिलं की समोरच्याला जात विचारावीच लागत नाही. ही नावं जायलाच हवीत.

पण नवं नाव ठरवणार कोण? ठराव ग्रामसभेत होतो, आणि तिथे आमची घरं मूठभर. शासनाने समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. चांगलीच आहेत. तरी वस्तीला भीमनगर हवं असेल आणि गावाला ते नको असेल, तर हात वर करून काय निकाल लागेल हे आपल्यालाही ठाऊक आहे. अण्णा भाऊ साठेंचं जन्मगाव वाटेगाव इथून लांब नाही. एखाद्या मातंग वस्तीला अण्णा भाऊ साठेंचंच नाव हवं असेल, तर ते गावाच्या मर्जीवर का अवलंबून असावं?

हे पूर्वी घडलेलं आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत सरकारला कायद्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालायचा होता. दादासाहेब गायकवाडांनी हरकत घेतली, बाबासाहेबांनी विरोध केला. बहुमत सरकारचं होतं. शब्द राहिला आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहातून बाहेर पडले. जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नये, अशी सूचना केंद्राने दिली ती १९८२ साली. मध्ये ४४ वर्षं गेली.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनीही हा झगडा केला. एका पिढीने 'निग्रो' हा शब्द मानाने छापला जावा म्हणून आग्रह धरला, पुढच्या पिढीने तोच टाकून 'ब्लॅक' म्हणवून घेतलं, १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन अमेरिकन' म्हणा असं सांगितलं. तरी जनगणनेच्या अर्जावर २०१० सालीही 'निग्रो' छापलेलं होतं. कोणतं नाव बरं, याबद्दल त्यांच्यात आजही मतभेद आहेत. ते त्यांनीच मिटवायचे. तिथल्या ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित' शब्द टाळायला सांगितलं! सरकारी कागदावर 'अनुसूचित जाती' हवंच, सगळे हक्क त्यावर चालतात. पण चळवळीने स्वतः घेतलेलं नाव बातमीतून काढायला सांगणं मला मान्य नाही.

आता कागदपत्रांचं. याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या जुन्या नोंदीत 'महारवाडा' असेल आणि नातीच्या आधार कार्डावर 'क्रांतीनगर', तर दोन्ही ठिकाणं एकच आहेत हे सिद्ध करायला कॉलेजचा प्रवेश तोंडावर आलेल्या मुलीने हेलपाटे घालायचे का? जे नाव पुसायचं, तेच तिच्या हक्काचा पुरावा आहे. म्हणून पाटीवरून ते जावं, पण जुन्या दप्तरात खाडाखोड होऊ नये.

माझी मागणी अशी आहे. नावासाठी वस्तीतल्या प्रौढ रहिवाशांची वेगळी बैठक घ्यावी, बायकांना त्यात बरोबरीने बोलता यावं, आणि तिथे ठरलेलं नाव ग्रामसभेने फक्त नोंदवून घ्यावं, फिरवू नये. जुनं आणि नवं नाव एकाच वस्तीचं असल्याचा दाखला ग्रामपंचायतीने विनामूल्य द्यावा, आणि पडताळणी समित्यांनी तो मान्य करावा असं लेखी कळवावं. घरपट्टीच्या नोंदीत, मतदार यादीत, शाळेच्या दाखल्यात नवं नाव एकदमच चढावं. नुसती कमान उभारून उपयोग नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. राज्य तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. येत्या ७ नोव्हेंबरच्या आत हे परिपत्रक काढावं, ही विनंती.

आपली,
खटाव तालुक्यातील एक शिक्षिका