पीएच.डी.नंतरची माती

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र पोचलं. मातीकामाच्या क्लासवरून ‘एवढं शिकून शेवटी चिखलात हात!’ हे घरच्यांचं बोलणं तुला चांगलंच लागलेलं दिसतंय, आणि चाकावर गोळाही अजून मधोमध स्थिर होत नाहीये. म्हणून आज मेरी कॅरोलाइन रिचर्ड्स या कवयित्री आणि कुंभारकाम करणाऱ्या बाईबद्दल लिहिते. सगळे तिला एम. सी. म्हणायचे.

जन्म १९१६ चा, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला. १९४२ मध्ये बर्कले विद्यापीठातून इंग्रजीत पीएच.डी. विद्यापीठातली नोकरी धरून सुखाने राहता आलं असतं. पण १९४५ मध्ये ती नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेली. कॉलेज अजबच होतं. मालकी प्राध्यापकांचीच, पैशांची कायम ओढाताण, आणि शेतातली, स्वयंपाकघरातली कामं विद्यार्थी-शिक्षक मिळून करायचे. तिथे ती साहित्य शिकवायची आणि तिथेच मातीकाम शिकू लागली. मला तिचं हेच सगळ्यात भावतं. एका वर्गातली मास्तरीण त्याच आवारात दुसरीकडे शिकाऊ म्हणून जाऊन बसली, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटला नाही.

कविता चालूच होती. १९५२ च्या उन्हाळ्यात संगीतकार जॉन केजने तिथे संगीत, नृत्य, कविता असं सगळं एकत्र आणणारा जो गाजलेला रंगमंचीय प्रयोग केला, त्यात शिडीवर चढून कविता वाचणाऱ्यांत ती होती. पुढे न्यूयॉर्कजवळ स्टोनी पॉइंटला कलावंत मित्रांच्या वस्तीत ती राहिली, भांडी घडवली, आणि १९६४ मध्ये तिचं ‘सेंटरिंग’ हे पुस्तक आलं. सेंटरिंग म्हणजे मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या मधोमध स्थिर करणं.

तू आत्ता जिथे अडली आहेस ना, तिथूनच ते पुस्तक सुरू होतं. गोळा चाकाच्या मधोमध आपटला तरी डुगडुगतोच. कोपरं अंगाशी घट्ट, हात ओले, एक तळवा बाजूने, दुसरा वरून. जोर कमी पडला की माती हातांनाच हलवते, वेडावाकडा पडला की गोळा चाकावरून सुटतो. डगमग थांबली की डोळे मिटलेले असले तरी तळव्यांना कळतं. एम. सी. म्हणते, कविता लिहिताना, शिकवताना, माणसांत वावरताना हेच करायचं असतं, आणि एकदा साधलं म्हणून ते कायमचं साधत नाही. शिवाय नकोशी माती काढून टाकून मध्य मिळत नाही. राग, गोंधळ, भीती, सगळं त्या गोळ्यात घ्यावं लागतं. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

शेवटची वर्षं ती पेनसिल्व्हेनियात किंबर्टनच्या कॅम्पहिल वस्तीत राहिली. बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसं तिथे इतरांच्या बरोबरीने राहतात, शेती करतात. उतारवयात ती चित्रंही काढायला लागली. १९९९ मध्ये गेली. पदवी, कविता, चाक, वर्ग यांतलं एक धरायला दुसरं सोडावं, असं तिला कधी वाटलं नाही. तूही कॉलेज आणि मातीचा क्लास यांतलं एक निवडायची घाई करू नकोस.

पुस्तक कुरिअरने पाठवतेय. दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये, माझं चाक मोकळंच असतं. आणि वही घेऊन ये. मागच्या पत्रातली ती पावसाची कविता मला अर्धवट वाटतेय, तिच्या पुढच्या ओळी तुझ्या तोंडून ऐकायच्या आहेत.

तुझीच,
मेधा