भीकबंदी कायद्यातून गाणं-वाजवणं काढा: मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी क्लॅरिनेट वाजवतो. उमेदीची वर्षं लग्नाच्या बँडमध्ये गेली. पुढे डीजे आले, मालकाने माणसं कमी केली, खोलीचं भाडं थकलं आणि मुक्काम उड्डाणपुलाखाली आला. ही कहाणी लांबवत नाही, बँडवाल्यांमध्ये कुणालाही विचारा, तोंडपाठ सांगेल. आता स्टेशनाबाहेरच्या जिन्यापाशी उभा राहून वाजवतो. आपल्यालाच लिहितोय, कारण भिक्षेकरी गृहं आपल्या खात्याकडे आहेत, आणि ज्या कायद्याने तिथे माणसं धाडली जातात त्यात माझ्या धंद्याचाही उल्लेख आहे.

१९५९ च्या या भीकबंदी कायद्याचं कलम २ जरा काढून बघा. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं म्हणजे भीक, मग ती गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा वस्तू विकायला धरणं अशा कुठल्या बहाण्याने असो वा नसो. म्हणजे मी एखादी चीज मन लावून वाजवली, ऐकणाऱ्याने खूश होऊन नोट टाकली, तरी वाजवणं हा बहाणाच. त्याच व्याख्येत पुढे असंही आहे की उदरनिर्वाहाचं साधन दिसत नसताना, भीक मागूनच जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत जो सार्वजनिक जागी फिरतो किंवा थांबतो, तोही भिकारी. साधन माझ्या हातात असतं, ते दिसतंही आणि ऐकूही येतं. पण रात्री ते पिशवीत गेलं की मी नुसता रस्त्यावर झोपलेला माणूस.

पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येतं. पहिल्यांदा सापडलेल्याला ताकीद देऊन सोडायची सोय आहे, नाहीतर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हापुन्हा सापडला तर मजल दहा वर्षांपर्यंत जाते. प्रत्यक्षात रोज कुणी पकडत नाही, हे मीच सांगतो. पण कायदा वापरावा लागतोच असं नाही, तो आहे एवढं पुरतं. "चल, उचल, नाहीतर गाडीत घालीन" या एका वाक्यावर माझी जागा जाते, आणि उलट बोलायला माझ्याकडे काही नसतं.

आमचा दिवस कसा जातो ते आपल्या कचेरीत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. सकाळी शौचालयाची रांग. पण वाद्य कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आत न्यावं तर ओल, बाहेर ठेवावं तर गेलंच. क्लॅरिनेटला ओल म्हणजे शत्रू. पावसाळ्यात पॅड फुगतात, भोकं नीट बंद होत नाहीत, हवा निसटते आणि खालचे सूर फुटतच नाहीत. फुंकायच्या टोकाची पत्ती वाकडी झाली की आवाज चिरकतो. मग येणारा-जाणारा म्हणतो, म्हाताऱ्याला वाजवता येत नाही. रियाझ मी पुलाखाली गाड्यांच्या गोंगाटात करतो, कुणाची तक्रार येत नाही. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांची गर्दी सुरू झाली की जिन्यापाशी येतो. माझ्याकडे लाऊडस्पीकर नाही, रात्री दहाच्या आत आवरतो.

अलीकडे नवीनच अडचण आहे. लोक थांबतात, ऐकतात, खिसे चाचपतात आणि विचारतात, "काका, सुट्टे नाहीत, स्कॅनर आहे का?" नाही. स्कॅनरला बँकखातं लागतं, खात्याला पत्त्याचा कागद, आणि फोन असला तरी तो चार्ज कुठे करायचा? ऐकणाऱ्याची द्यायची इच्छा असते आणि माझी टोपी रिकामीच राहते.

जिन्याच्या पलीकडे चप्पल शिवणाऱ्याचा पत्र्याचा स्टॉल आहे. सरकारच्या गटई स्टॉल योजनेतून मिळालेला. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की तो न बोलता हात पुढे करतो आणि माझी पिशवी फळीखाली सरकवतो. तो रस्त्यावर बसून कातडं शिवतो ते काम, त्याला सरकारने स्टॉल दिला आणि छान केलं. मी दहा हातांवर उभा राहून वाजवतो तो मात्र बहाणा!

भीक मागणारे हलके आणि मी कलाकार, असा माझा मुद्दा नाही. पुलाखाली आम्ही शेजारीशेजारी झोपतो. खरं तर अख्खा कायदाच जायला हवा. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. २०२१ मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालय म्हणालं की आम्ही अशी उच्चभ्रू भूमिका घेणार नाही. कायदा मुळात आपल्या राज्याचा, दिल्लीने तो इथून उचलला होता. तिथे ती कलमं गेली, इथे चालूच आहेत.

अख्खा कायदा रद्द करायला वेळ लागेल, हे मला समजतं. पण व्याख्येतले गाणं, नाच आणि खेळ करून दाखवणं हे शब्द काढायला एक छोटं दुरुस्ती विधेयक पुरे. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नुसता माल विकणारा येत नाही, रस्त्यावर लोकांना सेवा देणाराही येतो. वाजवणं ही सेवा धरा, पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात आमची नावं घ्या, जागा आणि वेळ ठरवून द्या. परीक्षा घ्यायची तर जरूर घ्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून निवड करून वादकांना परवाने आणि जागा दिल्या जातात. आमच्यातले काही नापास होतील, होऊ देत.

निवाऱ्याबद्दल थोडं. शहरात एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा हवा, असं केंद्राच्या योजनेतच ठरलं होतं. २०११ च्या जनगणनेत राज्यात दोन लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. मी एका निवाऱ्यात राहून पाहिलं. पलंग होता, कुलपाचा कप्पा नव्हता. रात्रभर क्लॅरिनेट पोटाशी धरून जागा राहिलो, त्यापेक्षा पूल बरा वाटला. निवाऱ्यांचं खातं आपलं नाही, नगरविकासाचं आहे, पण मंत्रिमंडळात आपण एकाच टेबलाशी बसता. तिथे कप्प्यांचं तेवढं बोला.

आणि विधेयक येईपर्यंत एक साधं परिपत्रक काढता येईल: भीकबंदीच्या कारवाईत कुणाचंही वाद्य घेतलं तर त्याची पावती द्यायची, आणि माणूस सुटला की त्याच दिवशी वाद्य परत. माझा ढोलकीवाला सोबती सुटून आला तेव्हा त्याची ढोलकी कुठे आहे हे कुणीच सांगू शकलं नाही. तो आता वाजवत नाही, जिन्यावर हात पसरून बसतो.

आपला,
एक क्लॅरिनेटवाला