आरई-४ च्या अर्जात मदत करणाऱ्या काकांचे आभार

अमेरिकी नौदलात परत जायला निघालेल्या आमच्या भाच्याच्या डीडी-२१४ वर, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्यावर, रकाना २७ मध्ये आरई-४ हा कोड होता, म्हणजे फेरभरतीची शिफारस नाही. त्याने डीडी-२९३, म्हणजे सेवामुक्तीच्या फेरविचाराचा अर्ज, भरला होता. माजी सैनिकांच्या मदत कक्षातल्या एका काकांनी तो वेळेत थांबवला. तो अर्ज ज्याच्याकडे जातो, ते नौदलाचं डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड हा कोड बदलूच शकत नाही. त्यासाठी डीडी-१४९ हा वेगळा अर्ज नौदलाच्या रेकॉर्ड दुरुस्ती मंडळाकडे करायचा, चूक कळल्यापासून ३ वर्षांत. दाखल्याच्या छोट्या प्रतीवर कोड नसतो, म्हणून काकांनी ‘मेंबर-४’ ही पूर्ण प्रत जोडायला लावली. ‘परत यायचंय’ एवढं पुरत नाही, हे समजावत जेवणाचा डबा बाजूला सारून त्यांनी प्रत्येक वाक्याला पुरावा जोडून घेतला: मूल्यमापनं, वरिष्ठांचं पत्र. निकाल यायचाय. काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं, मनापासून आभार.