माळावर खड्डे खणण्यापूर्वी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की सोलापूरच्या आसपासच्या माळांवर वृक्षारोपणासाठी खड्डे खणले जातात. हेतू चांगलाच असतो. पण खड्डा नेमका कशावर पडतो, हे सहसा कोणी पाहत नाही.

कॅलिफोर्नियातील टिब्युरॉन मॅरिपोसा लिली जगात केवळ रिंग माउंटन या एका डोंगरावर, सर्पेंटाइन खडकाच्या मातीत उगवते. त्या मातीत मॅग्नेशियम आणि निकेल भरपूर, कॅल्शियम मात्र अगदी कमी असल्याने इतर बऱ्याच वनस्पती तिथे तग धरत नाहीत आणि या लिलीला मोकळी जागा मिळते. तो डोंगर आज राखीव आहे.

आपला खडक बेसाल्टचा असला तरी न्याय तोच आहे. मुरमाड, उथळ मातीच्या माळावर पावसानंतर खरपुडीचा नाजूक वेल झुडपांच्या आधाराने वर येतो. तिच्या कंदिलासारख्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेली चिलटे ते केस सुकेपर्यंत अडकून राहतात आणि मग परागकण घेऊन बाहेर पडतात. उन्हाळ्यात वेल वाळून जातो, कंद तेवढा जमिनीखाली जिवंत राहतो, आणि नेमके तेव्हाच खोदयंत्र येते.

त्यामुळे वन विभागाने खड्ड्यांच्या जागा ठरवण्यापूर्वी, आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस, वनस्पतिशास्त्राच्या स्थानिक प्राध्यापकांकडून माळाची पाहणी करून घ्यावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील गवताळ पट्ट्यात तरी गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची नवी लागवड करू नये. झाडे हवीतच, त्यांच्यासाठी शहरातील रस्त्यांच्या कडा आणि शाळांची आवारे अजून उघडी पडली आहेत.

– एक वाचक, सोलापूर