३० जुलैच्या बैठकीबाबत सूचना

सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार.

सांगोल्याचे (जि. सोलापूर) दिवंगत आमदार गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांच्या स्मृतिदिनी, ३० जुलैला, संध्याकाळी ५:३० वाजता दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात आपली मासिक बैठक आहे. विषय : 'सांगोल्याचे आबासाहेब'.

१९६२ ला पहिल्यांदा विधानसभेत गेलेला हा माणूस एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) तिकिटावर ११ वेळा निवडून आला. १९७२ आणि १९९५ ला पडले, पण पक्ष सोडला नाही. आजच्या हवेत हे नव्या सभासदांना पटवून द्यावं लागेल! दोनदा मंत्री होऊनही एसटीनं फिरणारे आमदार म्हणूनच लोक त्यांना ओळखत. मात्र नुसत्या साधेपणाचं कौतुक करून उठायचं नाही. दुष्काळी तालुक्याचं पाणी, सूतगिरणी, रोजगार हमी यावर नेमकं बोलायचं आहे.

• बोलणाऱ्यांनी २५ तारखेपर्यंत सचिवांकडे नाव द्यावं. प्रत्येकी ७ मिनिटं. घंटा वाजली की थांबायचं, ज्येष्ठांनीसुद्धा.
• जुनी कात्रणं, प्रचारपत्रकं असतील तर झेरॉक्स आणा, मूळ प्रत घरीच ठेवा.
• सध्याच्या निवडणुकांवर वाद नको. तो चहाच्या वेळी घाला.
• पंचगंगा पात्राबाहेर गेली तर बैठक पुढे ढकलू. शिरोळ, करवीरकडच्या मंडळींनी निघण्यापूर्वी फोन करावा.
• वर्गणी राहिलेल्यांनी त्याच दिवशी भरावी.

– सचिव