हप्ता नको, पूर्ण किंमत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा, पाडवा जवळ आला की आपल्याच पानांवर मोटारींच्या पानभर जाहिराती झळकतात. ठळक टायपात ‘दर लाखाला फक्त १,४६५ रुपये हप्ता’ आणि तळाशी भिंग घेऊन वाचावा असा तारांकित मजकूर. हा आकडा खोटा नसतो. नऊ टक्के व्याज आणि आठ वर्षांची मुदत धरली की तो बरोबर येतो. मात्र त्या एका लाखावर एकूण व्याज ४०,६०० रुपयांच्या आसपास जाते. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता २,०७६ रुपये आणि व्याज साडेचोवीस हजार. म्हणजे आठ लाखांच्या कर्जावर हा फरक सव्वा लाखाच्या पुढे जातो.

लांब मुदतीचा खरा काच मधल्या वर्षांत कळतो. आठ वर्षांच्या कर्जात तीन वर्षे हप्ते भरूनही लाखामागे साधारण ७०,५०० रुपये मुद्दल बाकीच असते. आता ‘ऑन-रोड किमतीवर शंभर टक्के कर्ज’ ही योजना घ्या. नऊ लाखांची गाडी, कर व विमा धरून साडेदहा लाखांचे कर्ज. तीन वर्षांनी बाकी सुमारे ७ लाख ४० हजार. विम्यातली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, तोवर मूळ शोरूम किमतीच्या ६० ते ७० टक्क्यांवर आलेली असते. फार तर ६ लाख ३० हजार. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर गाडीही नाही आणि लाखभराचे देणे मात्र शिल्लक. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे, अशा वेळी बिलाइतकी रक्कम देणारे, विम्याचे जोडकलम अशा कर्जदाराने तरी घ्यावे. पण कर व विम्यासाठी कर्जच न काढणे केव्हाही बरे.

व्याजदर विचारताना एक प्रश्न आधी विचारावा: फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर)? जुन्या गाड्यांच्या कर्जात हा घोळ जास्त. आठ लाखांवर ‘फक्त पाच टक्के फ्लॅट’ म्हणजे पाच वर्षांचे व्याज सरळ दोन लाख आणि हप्ता १६,६६७ रुपये. घटत्या शिलकीवर नऊ टक्क्यांनी हप्ता १६,६०७ येतो. थोडक्यात, पाच टक्के फ्लॅट हे नऊ टक्क्यांहून महाग आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ मुदतकर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, सक्तीचे केले आहे. त्यात व्याज व शुल्क मिळून होणाऱ्या वार्षिक खर्चाची एकच टक्केवारी, म्हणजे एपीआर, छापावी लागते आणि कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचा हप्ताही त्यातच धरावा लागतो. त्या कागदात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, आणि त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाच्या दिवसांसाठी बांधील असतात. शोरूममधल्या टेबलावर हा कागद सह्यांच्या गठ्ठ्यात मधेच कुठेतरी येतो. तो आदल्या दिवशी ईमेलवर मागवावा. त्यातच मुदतपूर्व फेडीचे शुल्क पाहावे. व्यक्तींनी धंद्याव्यतिरिक्त कामासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांना या शुल्कातून सूट आहे, पण आपल्याकडची बहुतेक वाहनकर्जे स्थिर दराची असतात, त्यामुळे ते सहसा लागतेच.

आता अंदाजपत्रकाकडे, ज्याला सगळे ‘कोटेशन’ म्हणतात. यात सरकारी रकमा थोड्याच असतात. नऊ लाखांच्या, वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ९९,००० रुपये. दहा ते वीस लाखांना १२ टक्के, वीसच्या वर १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. कंपनीच्या नावावर घेतल्यास २० टक्के. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्जबोजा (आरसीवर बँकेचे नाव) चढवण्याचे १,५००. ‘आरटीओ खर्च’ म्हणून एकच गोल आकडा लिहिला असेल तर फोड मागावी आणि पैसे भरल्यावर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलची पावती घ्यावी. उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे वेगळे पैसे नव्या गाडीला द्यायचे नसतात, ती १ एप्रिल २०१९ पासून गाडीसोबतच येते. गाडी दहा लाखांच्या वर गेली तर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून भरायचा कर) लागतो. तो खर्च नव्हे, आपलाच आगाऊ भरलेला आयकर आहे. पॅन बरोबर दिला असेल तर तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावे दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. कित्येक पगारदार तो तसाच सोडून देतात.

उरलेल्या ओळी विक्रेत्याच्या: हँडलिंग, डेपो, इसेन्शियल किट, टेफ्लॉन कोटिंग, अँटी-रस्ट, वाढीव वॉरंटी. यातली वॉरंटी विचार करण्याजोगी, तीही मूळ वॉरंटी संपण्याआधी केव्हाही घेता येत असेल तर पहिल्या दिवशी घाई कशाला? हँडलिंग म्हणजे काय, याचे उत्तर आजवर कुणी सरळ दिलेले नाही. गाडी शोरूमपर्यंत आणणे हा विक्रीचाच भाग आहे.

सगळ्यात मोठी गळती विम्यात असते. २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे. हजार ते पंधराशे सीसीसाठी २०२२च्या दराने तो १०,६४० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेबारा हजारांच्या थोडा वर. हा दर सगळ्या कंपन्यांना सारखाच. घासाघीस होते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. चेसिस व इंजिन क्रमांक मिळताच दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर काढावेत, पण आयडीव्ही आणि जोडकलमे तीच ठेवून. नाहीतर आयडीव्ही खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवला जातो. ‘बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने परस्पर भरणे, हे ती कंपनी आणि त्या वर्कशॉपच्या करारावर ठरते. कंपनीच्या संकेतस्थळावर यादी असते, ती पाहावी. चालक-मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्रपणे आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. आणि जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यात ५० टक्के सूट! जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन तो नव्या पॉलिसीला लावावा.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देताना तर लोक चावीसोबत सह्या केलेले मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० देऊन मोकळे होतात. हस्तांतर होईपर्यंत नोंदणीकृत मालक तुम्हीच, आणि अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून यावर उपाय आहे. जुन्या गाड्यांचा विक्रेता परिवहन विभागाचा अधिकृत परवानाधारक असेल तर फॉर्म २९सी ऑनलाइन भरून ताबा दिल्याची नोंद होते आणि पुढची जबाबदारी त्याची. ती पोचपावती हातात येईपर्यंत चावी देऊ नये. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करावा.

संपादक महोदय, वाहनांच्या जाहिराती स्वीकारताना निदान तीन गोष्टी हप्त्याइतक्याच ठळक छापण्याची अट आपले वृत्तपत्र घालू शकेल: मुदत, एपीआर आणि त्या शहरातली फोड केलेली ऑन-रोड किंमत. परिवहन विभागानेही कोटेशनचा एकच नमुना ठरवून द्यावा. सरकारी रकमा एका बाजूला, ऐच्छिक दुसऱ्या बाजूला आणि प्रत्येक ऐच्छिक ओळीपुढे ग्राहकाची वेगळी सही.

जाता जाता, ज्यांचे कर्ज नुकतेच फिटले त्यांच्यासाठी: शेवटचा हप्ता गेला म्हणजे बोजा उतरला असे नाही. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ घेऊन आरसीवरून बँकेचे नाव काढावे लागते. एनओसीवर मुदत छापलेली असेल तर तिच्या आत. मग तेच नाव विमा पॉलिसीवरूनही काढून घ्यावे. नाहीतर पूर्ण नुकसानीच्या दाव्याचे पैसे कर्ज फिटलेल्या बँकेच्या नावाने अडकून बसतात.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे